नागपुरात दिव्यांग कलाकारांसकट आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धा घ्यायची तर: अर्ज, पात्रता, कागदपत्रं

बरेच जण विचारून राहिले की बाहेरदेशातून कलाकार येतील आणि दिव्यांग-बिगरदिव्यांग सगळे एकाच स्टेजवर गातील-वाजवतील अशी स्पर्धा नागपुरात घ्यायची तर सुरुवात कुठून करायची. पोलिस परवानगीपासून नका करू. हॉलपासून करा, आणि हॉलमध्येही समोरच्या दारापासून नाही तर विंगेच्या दारापासून.

का ते सांगतो. एका कार्यक्रमात आमचा तबलजी व्हीलचेअरवर होता. समोर मस्त रॅम्प, प्रेक्षकांना काहीच त्रास नाही, पण विंगेतून स्टेजवर जायला पाच पायऱ्या. चार पोरांनी त्याला खुर्चीसकट उचललं, खुर्ची तिरपी झाली, त्याने एका हाताने डग्गा पोटाशी धरलेला आणि दुसऱ्या हाताने एका पोराची कॉलर. पुढे वाजवलं त्याने सुंदरच, पण पहिली काही मिनिटं बोटं थरथरत होती, मी बाजूलाच बसलो होतो. स्पर्धेत त्याच मिनिटांचे मार्क असतात ना.

म्हणून रेशीमबागचं सुरेश भट सभागृह घ्या, सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह घ्या नाहीतर दुसरं कुठलंही, बुकिंगच्या आधी टेप घेऊन जा. रॅम्पचा उतार १:१२ लागतो, म्हणजे स्टेज एक मीटर उंच असेल तर रॅम्प बारा मीटर लांब. फळी टाकून भागवू म्हणणाऱ्याचं ऐकू नका. दार ९० सेंटीमीटर रुंद हवं, मेकअप रूम आणि टॉयलेटचंही. तात्पुरता रॅम्प लावायची परवानगी बुकिंगच्या अर्जातच लेखी मागा, तोंडी हो म्हटलेलं ऐनवेळी कोणाला आठवत नाही. सुरेश भटांना स्वतःला लहानपणी पोलिओ झाला होता, त्यांच्या नावाचं सभागृह असलेल्या शहरातल्या स्टेजवर कोणाला उचलून न्यावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

तारीख ठरवताना विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बघा. डिसेंबरात हवा छान म्हणून सगळे तोच महिना धरतात, पण अधिवेशनात हॉटेलं भरलेली, सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त, रस्ते बंद. जानेवारी-फेब्रुवारी बरं. मे महिन्याचं नावच काढू नका.

अर्ज नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी यांच्या नावाने करा, सोपं जातं. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, ऑडिट रिपोर्ट आणि कार्यकारिणीचा ठराव, ज्यात तारीख, ठिकाण आणि सही करणाऱ्याचं नाव स्पष्ट असेल, एवढी फाइल एकदा नीट करा म्हणजे हीच सगळीकडे चालते. मग हॉलची पावती घेऊन त्या भागातलं पोलिस ठाणं. बंद सभागृहाला रात्री दहाचा भोंग्याचा नियम तसा लागू होत नाही, पण उघड्या मैदानावर घेत असाल तर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. तिकीट लावणार असाल तर ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही.

गाण्यांच्या हक्कांचं बहुतेक जण विसरतात. स्टेजवर रचना गायची-वाजवायची तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) लायसन्स, रेकॉर्डेड ट्रॅक वाजवायचा तर त्या रेकॉर्डिंगच्या हक्कदाराचं वेगळं. तुकारामांचे अभंग मोकळे आहेत (चाल नवी असेल तर चालीचा हक्क राहतोच हं), पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, आणि हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत विचारूनच. स्पर्धकाकडून गाण्यांची यादी आधीच मागवा.

आता पात्रता, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि सरकारी सवलतींना साधारण ४० टक्क्यांची अट असते, पण ही तुमची स्पर्धा आहे, ती अट जशीच्या तशी उचलायची गरज नाही. यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) मागा पण ते एकमेव कागद करू नका, परदेशी स्पर्धकाकडे ते नसणारच, त्याच्या देशातलं प्रमाणपत्र आणि भाषांतर पुरे. इथल्या ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांनी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा घेऊन अर्ज करायचा आणि तपासणीला सरकारी दवाखान्यात जायचं. वेळ लागतो, दोन-तीन महिने आधी सांगून ठेवा. आणि त्या २१ मध्ये सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, पण आहे. आपल्या विदर्भात किती घरांत आहे ते सांगायला नको. सिकलसेल असलेल्या गायिकेकडे बघून काही कळत नाही, पण एसीच्या गारठ्यात दोन तास बिनपाण्याची बसवली तर तिचं अंग ठणकायला लागेल. तिला ठरलेली वेळ आणि उबदार खोली द्या.

परदेशी कलाकारांच्या निमंत्रण पत्रात स्पर्धेची तारीख, ठिकाण, खर्च कोण करणार आणि सोबत येणाऱ्या मदतनीसाचं नाव वेगळं लिहा, कारण मदतनीसालाही स्वतःचा व्हिसा लागतो. टुरिस्ट व्हिसावर बोलवू नका, कोणता व्हिसा ते तिथल्या भारतीय दूतावासाकडून लेखी घ्या. ते उतरतील त्या हॉटेलने, किंवा घरी ठेवलं तर तुम्ही, ते आल्याचं २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका, एक डॉलरसुद्धा.

शेवटचं, फॉर्म. नियमावली जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफ टाकली की स्क्रीन रीडर (अंधांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसता कचरा वाचतो, युनिकोडमध्येच टाइप करा आणि स्कॅन केलेला फोटो टाकू नका. ‘तुम्हाला काय झालंय’ असं विचारू नका, ‘तुम्हाला स्टेजवर काय लागेल’ असं विचारा आणि मोकळी जागा ठेवा, कोणी खुणांच्या भाषेचा दुभाषी लिहील, कोणी ब्रेल यादी, कोणी फक्त ‘माईक खाली’. दुभाषी एक नाही दोन बघा, आलटून पालटून लागतात. लिंक सगळीकडे सोडायच्या आधी ओळखीच्या एखाद्या अंध गायकाला फॉर्म भरायला द्या, तो जिथे अडेल ते दुरुस्त करा, मगच सोडा.