पोपडा उलटा करून पाहा

पार्किंगच्या कोब्याला हौसेनं करडा रंग मारला, सहा महिने झकास दिसला, आणि मग नेमके टायर उभे राहतात तिथेच पोपडे सुटायला लागले. अशा वेळी बहुतेक जण नवा डबा घेऊन येतात. त्याआधी एक मोठासा पोपडा अलगद सोडवावा, उजेडात न्यावा आणि उलटा करून पाहावा.

खालच्या बाजूला सिमेंटची पूड चिकटलेली असेल, तर रंगानं आपलं काम चोख केलं होतं. त्यानं कोबा घट्ट धरला होता, पण कोब्याचा वरचा थरच खालून सुटला. खालची बाजू स्वच्छ आणि चकचकीत असेल, तर रंगाला धरायला काही मिळालंच नव्हतं, म्हणजे कोबा फार गुळगुळीत होता किंवा त्यावर तेल होतं. आणि पोपड्याखाली ओल किंवा पांढरा लोणा दिसला, तर जमिनीतून वर येणाऱ्या पाण्यानं तो ढकलून काढला. तीन कारणं, तीन वेगळे उपाय. डबा महागातला आणल्यानं यातलं एकही कारण जात नाही.

सर्वात जास्त वेळा सापडते ती पूड. काँक्रीट ओतल्यावर जड खडी खाली बसते आणि पाणी वर येतं. त्या पाण्याबरोबर सिमेंटचे आणि वाळूतल्या मातीचे बारीक कण वर तरंगत येतात. दुधावर साय धरते तशी ही सिमेंटची साय. त्यात कारागिरानं वरून पाणी शिंपडून घोटाई केली असेल, तर वरच्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरात पाणी जास्त आणि ताकद कमी अशी अवस्था होते. दिसायला तो थर तलम, पण चावीनं ओरखडा काढा, बोटाला पूड लागेल. इपॉक्सीसाठी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा, कडक होणारा रंग) कोब्याच्या पृष्ठभागानं दर चौरस मिलिमीटरला किमान दीड न्यूटन ओढ सोसावी अशी अपेक्षा असते. सायीत तेवढा दम नसतो.

टायरखालीच आधी का सुटतं, त्यालाही कारण आहे. रस्त्यावरून आलेला टायर तापलेला आणि थोडा फुगलेला असतो. उभा राहून निवताना तो आकसतो आणि खालच्या रंगाला कडेकडून आत ओढतो. शिवाय रबर मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली तेलकट द्रव्यं रंगात उतरून त्याला नरम करतात. दुबळी जागा असेल तर ती पहिली तिथेच कळते.

रंगाच्या दुकानात ‘फ्लोअर पेंट’ म्हणून अनेकदा तेलाधारित एनॅमलच हातात पडतं. ते कोब्यावर नकोच. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा ताकद देणाऱ्या पदार्थाबरोबर विरलेला चुनाही तयार होतो, आणि कोब्याच्या छिद्रांतलं पाणी त्यामुळे कमालीचं क्षारधर्मी असतं. तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो. इथेही तेच घडतं. रंगाचा खालचा पदर हळूहळू साबणासारखा बुळबुळीत होऊन सुटतो. इपॉक्सीला या क्षाराचं वावडं नाही, म्हणून ती चालते.

पण आधी ओल. रो-हाउसच्या पार्किंगचा कोबा साधारणपणे मुरूम, दगडी सोलिंग आणि पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट) यांवर बसलेला असतो. मध्ये प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेलच असं नाही. काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यानंतरही कित्येक आठवडे खालून वाफ येत राहते. उघडा कोबा ती मुकाट्यानं बाहेर सोडतो, म्हणून कोरडा भासतो. वर इपॉक्सीचं झाकण बसलं की वाफ अडते आणि फोड धरतात. चाचणी फुकटात होते. ४५ सेंटीमीटर बाजूचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन घ्यायचा, चारही कडा चिकटपट्टीनं हवाबंद करायच्या आणि किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवसरात्र, तसाच ठेवायचा. एक चौकोन भिंतीलगत, एक मध्यभागी, एक पाण्याच्या टाकीच्या बाजूला. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा कोबा काळवंडलेला दिसला, तर काम पुढे ढकला. जूनमध्ये ही चाचणी करायची गरजच नाही, उत्तर ठाऊक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा खरा हंगाम. कोबा नवा असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्यायचे.

तेलाचे डाग घासण्याआधी काढावेत, नाहीतर ग्राइंडर ते तेल सगळीकडे पसरवतो. ताज्या डागावर लाकडाचा भुसा. जुन्यावर तेल काढणारं क्षारयुक्त द्रावण आणि कडक ब्रश, दोन-तीनदा, दर वेळी भरपूर पाण्यानं धुऊन. मग पाण्याचा एक थेंब टाकून पाहायचा. मिनिटभरात जिरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर तेल किंवा जुनं सीलर अजून आत आहे.

आता साय काढायची. इथे सल्ला मिळतो तो ॲसिडचा, कारण बाटली सगळीकडे मिळते आणि ओतलं की फसफसतं. काम झाल्यासारखं वाटतं. त्या फेसात हायड्रोक्लोरिक आम्ल सिमेंट विरघळवत असतं हे खरं, पण मागे कॅल्शियम क्लोराइड उरतं. हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. धुताना ते छिद्रांत राहिलं तर रंगाखाली ओल आपणच पेरून ठेवली. ॲसिडची वाफ शेजारच्या गाडीवर, शटरवर, हत्यारांवर गंज चढवते आणि क्लोराइड आत झिरपलं तर सळईचंही नुकसान करतं. तेलावर ॲसिड मुळीच चालत नाही. करायचंच असेल तर एक भाग ॲसिड दहा भाग पाण्यात (पाण्यात ॲसिड, उलट कधीच नाही), मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं उदासीन करून दोन-तीनदा धुणं आणि पुन्हा कित्येक दिवस वाळवणं. एवढ्या उपद्व्यापात घासून होतं.

घासण्यासाठी पाच इंची अँगल ग्राइंडर, त्याला डायमंड कप व्हील (हिऱ्याचे कण बसवलेलं वाटीसारखं चाक), त्यावर धूळ ओढणारं झाकण आणि व्हॅक्यूम. ग्राइंडर भाड्यानं मिळतो, झाकण मात्र मागून घ्यावं लागतं. ते नसेल तर काम सुरूच करू नये. काँक्रीटच्या धुळीत स्फटिक सिलिका असते. तिचे बारीक कण फुप्फुसात कायमचे रुततात आणि सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ हा अगदी किमान. बदलता फिल्टर असलेला अर्धा मुखवटा अधिक चांगला.

चाक एका जागी टेकवलं की बशीएवढा खड्डा पडतो आणि रंग चढल्यावर तो आणखी उठून दिसतो. म्हणून हात सतत गोल फिरता ठेवायचा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवत. किती घासायचं? तलम करडेपणा जाऊन वाळूचे दाणे दिसायला लागले आणि तळहाताला ८० नंबरच्या पॉलिश पेपरसारखं लागलं की पुरे. कडेनं आणि कोपऱ्यात चाक पोचत नाही, आणि पोपडे तिथूनही सुरू होतात, त्यामुळे तिथे हातानं घासायला पर्याय नाही. मग दोनदा व्हॅक्यूम. झाडून भागत नाही, झाडू धूळ छिद्रांत दाबतो.

याच वेळी हातोडीनं टकटक करत फिरावं. भद्द आवाज आला तर कोबा खालच्या पीसीसीपासून सुटला आहे, तेवढा भाग फोडून नव्यानं घालावा लागेल. बारीक, न हलणाऱ्या भेगा इंग्रजी व्ही आकारात सुमारे सहा मिलिमीटर उघडून इपॉक्सी पुट्टीनं भरायच्या. मुद्दाम ठेवलेले सांधे मात्र कडक पुट्टीनं बुजवू नयेत. ते हलणारच. त्यांत शेवटी लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं.

माल किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. एक लिटर माल एक चौरस मीटरवर ओतला तर थर एक मिलिमीटरचा, म्हणजे १००० मायक्रॉनचा. एका गाडीचं १० बाय १८ फुटांचं पार्किंग म्हणजे १८० चौरस फूट, १६.७ चौरस मीटर. घासलेला कोबा माल पितो, म्हणून प्रायमर १५० मायक्रॉन धरला तर अडीच लिटर. वर २०० मायक्रॉनचे दोन हात, प्रत्येकी सुमारे ३.३ लिटर. दहा टक्के वाया जाईल असं समजून एकूण दहा लिटरच्या आसपास. हे द्रावक अजिबात नसलेल्या मालासाठी. डब्यावर घन भाग ५० टक्के लिहिला असेल तर निम्मा माल हवेत उडून जाणार आहे, तेवढ्याच जाडीला दुप्पट आणावा लागेल. स्वस्त डबा इथेच महाग पडतो.

मिसळण्यात सर्वाधिक घोटाळे होतात. गाडीच्या पत्र्याच्या पुट्टीत हार्डनर थोडा जास्त घातला की ती लवकर सुकते, आणि तीच सवय इथे नडते. तिथे हार्डनर फक्त क्रिया सुरू करून देतो. इपॉक्सीत तो स्वतः निम्मा भागीदार असतो. रेझिनच्या प्रत्येक टोकाला त्याचा एक हात लागतो. जास्त झाला तर बिनजोडीचे रेणू उरतात आणि जमीन कायमची चिकट राहते. प्रमाण मापानं दिलं आहे की वजनानं, हेही नीट वाचावं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापानं दोनास एक असलेलं प्रमाण काट्यावर तसंच तोललं तर हार्डनर जास्त पडतो. ड्रिलला पाते लावून मंद गतीनं तीन मिनिटं ढवळायचं, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा एक मिनिट. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं, ते खरवडून घ्यायचं नाही. ओल्या, न सुकणाऱ्या चकत्या त्यातूनच उठतात.

मिसळल्या क्षणापासून घड्याळ सुरू. ही क्रिया उष्णता सोडते, ती उष्णता क्रिया आणखी वाढवते, आणि बादलीत ढीग असल्यानं बाहेर जायला वाट नसते. दर १० अंशांनी वेग साधारण दुप्पट होतो. मेच्या दुपारी बादलीत ठेवलेला माल धूर सोडून दगड झाला तर नवल नाही. म्हणून ढवळलं की लगेच जमिनीवर पट्ट्यापट्ट्यानं ओतून टाकायचा, रबरी वायपरनं पसरवायचा आणि धागे न सोडणाऱ्या नऊ इंची रोलरनं आडवा-उभा फिरवायचा. पातळ थरात उष्णता निघून जाते आणि हाताशी निवांत वेळ मिळतो. सुरुवात आतल्या भिंतीकडून, शेवट दाराशी.

प्रायमर दुपारी तीन-चारनंतर लावणं बरं. सकाळी कोबा तापत जातो, छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढत बाहेर पडते. सुकल्यावर तिथे टाचणीएवढी भोकं राहतात. उतरत्या उन्हात हवा आकसते आणि प्रायमर आत ओढला जातो. फक्त दवबिंदूवर (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) लक्ष हवं, कोबा त्यापेक्षा किमान तीन अंश गरम पाहिजे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या वर जातो, म्हणजे कोबा २७ हून थंड असला की काम थांबवायचं. डिसेंबरात २६ अंश आणि ४० टक्के असताना तो ११ वर असतो, चिंता नाही. दमट हवेत हार्डनर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट साय धरतो. पुढचा हात त्यावर बसत नाही. तशी साय आली तर कोमट पाण्यानं आणि स्क्रबरनं धुऊन, वाळवून मगच पुढे जायचं. दोन हातांमधला काळ डब्यावर दिलेला असतो. तो उलटून गेला तर १२० नंबरच्या कागदानं घासून घ्यावं.

उतारावर आणि दाराशी ओल्या शेवटच्या हातावर बारीक सिलिका वाळू शिंपडावी, नाहीतर पावसात ओल्या चपलेनं पाय घसरलाच. जिथे थेट ऊन येतं तिथे इपॉक्सी पिवळी पडते आणि पुढे खडूसारखी पूड सोडते. वरून उन्हाला टिकणारा पीयूचा हात द्यावा लागतो. अर्धं उघडं पोर्च असेल तर मुळात रंगाचा नाद न करता लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचं घट्ट करणारं द्रावण पाजणं आम्हाला जास्त पटतं. ते कोब्यातल्या विरलेल्या चुन्याशी संयोग पावून तिथल्या तिथे सिमेंटसारखाच कडक पदार्थ बनवतं. पोपडा निघायला वर काही थरच नसतो. तेलाचा डाग मात्र त्यावर लगेच पुसावा लागतो.

चालायला एक दिवस, गाडीला आठवडा. आणि प्रत्येक बादलीतला दोन चमचे माल कागदी कपात काढून, त्यावर क्रमांक घालून कोपऱ्यात ठेवावा. दुसऱ्या दिवशी जमीन चिकट आणि कपातला गोळा टणक असेल तर दोष थंडीचा किंवा दमटपणाचा. दार बंद ठेवून आणखी दोन दिवस वाट पाहायची. कपातलंही बोटाला चिकटत असेल तर मापच चुकलं होतं. त्या बादलीचा पट्टा खरवडून काढायचा.