छातीवर दोन घोडे? शर्ट खराच आहे!

(बिलासोबत घरी न्या)

दर दिवाळीला आमच्या काउंटरवर तेच भांडण होतं, म्हणून हा कागद छापला. शनिवारी गेलेला टी-शर्ट सोमवारी परत येतो. मधल्या दोन दिवसांत पुण्याहून आलेल्या भाच्याने मामांना सांगितलेलं असतं, "फसवलं तुम्हाला. पोलोवर एक घोडा असतो, ह्याच्यावर दोन आहेत." तोवर घडी मोडलेली असते आणि टॅग कचऱ्यात गेलेला असतो.

भाचा अर्धा बरोबर असतो. एक घोडेस्वार राल्फ लॉरेनचा. या अमेरिकन डिझायनरने 1967 मध्ये नेकटायपासून सुरुवात केली आणि आपल्या मालाला नाव दिलं पोलो. दोन घोडेस्वार यू.एस. पोलो असोसिएशनचे. ही अमेरिकेतल्या पोलो खेळाची 1890 पासूनची संघटना. नाव आणि घोड्यावरून दोघांचे कोर्टकज्जेही झाले, पण दोन्ही ब्रँड आपापल्या जागी अस्सल. दोन घोड्यांच्या कपड्यांचा भारतातला परवाना अरविंद या कपड्यांच्या कंपनीकडे आहे. आमच्याकडे मिळतो तो हाच. एक घोड्याचा माल आम्ही ठेवतच नाही. तो कुणी फुटपाथवर चारशेला देत असेल, तर तिथे भाच्याला जरूर न्या.

मगरीचंही तसंच. उजवीकडे तोंड केलेली फ्रान्सच्या लाकोस्तची, डावीकडे बघणारी सिंगापूरच्या क्रोकोडाइलची.

दुसरी तक्रार पत्त्याची. "ब्रँड फॉरेनचा, मग आत बेंगळुरू कसं?" अहो, तसंच असतं! लुई फिलिप हे फ्रान्सच्या राजाचं नाव, पण ब्रँड 1989 मध्ये आपल्याकडेच निघाला. पीटर इंग्लंडचं मूळ 1889 चं, आयर्लंडमधल्या लंडनडेरीचं, आता तो बिर्लांकडे आहे. व्हॅन ह्युसेन मूळचा अमेरिकन, इथे तोही बिर्लाच विकतात. माँटे कार्लोचे स्वेटर लुधियानाचे. आणि रेमंड? ज्यांना तो विलायती वाटतो त्यांनी जुन्या ठाणेकरांना मिलबद्दल विचारावं.

परवाना म्हणजे मूळ मालक नाव वापरू देतो आणि त्याबद्दल रॉयल्टी घेतो. कापड निवडणं, शिवून घेणं, दुकानांपर्यंत पोचवणं हे इथली कंपनी बघते. त्यामुळे भारतातला पत्ता दिसला म्हणून माल डुप्लिकेट ठरत नाही.

यंदा आणखी एक घोळ. बिर्लांच्या कंपनीची 2025 मध्ये विभागणी झाली. लुई फिलिप, व्हॅन ह्युसेन, ॲलन सोली, पीटर इंग्लंड हे 'आदित्य बिर्ला लाइफस्टाइल ब्रँड्स'कडे गेले. जुन्या मालावर 'आदित्य बिर्ला फॅशन अँड रिटेल' असंच छापलेलं आहे. एकाच ब्रँडच्या दोन शर्टांवर दोन नावं दिसली तर दोन्ही बरोबर. शिल्लक जुना माल काउंटरखाली आहे, मागा, भाव करून देऊ.

शंका असेल तर छातीकडे न बघता किमतीचा टॅग आणि आतल्या शिवणीतलं लेबल वाचा. कंपनीचं नाव, पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा नंबर तिथे असतो. आमच्यासमोरच फोन लावा, आम्हाला राग येत नाही.

आता कळीचा मुद्दा. टॅग कापलेला कपडा आम्ही बदलून देत नाही. यात आडमुठेपणा नाही. टॅगशिवाय कंपनी माल परत घेत नाही, आणि तो शर्ट आमच्याच गळ्यात पडतो. टॅग आणि बिल असेल तर सात दिवसांत साइज, रंग, ब्रँड, काहीही बदला. पॅन्टची उंची आम्ही फुकट कमी करून देतो, पण एकदा कापड कापलं की तीही बदलून मिळत नाही. म्हणून भाच्याला दाखवायची असेल तर आधी न कापता, टॅगसकट घरी न्या. उंचीसाठी दुसऱ्या दिवशी या, मास्तर अर्ध्या तासात करून देतात.