पुण्यात मास्टर प्लॅनिंगचं काम आलं कुठून

अर्बन डिझायनर म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे आर्किटेक्टच ना? बहुतेक जण शिकतात आधी तेच, पण काम बिल्डिंगींच्या मधल्या जागेचं, म्हणजे रस्ते, उतार, पावसाचं पाणी, कोण कुठून चालत येणार वगैरे. या सगळ्याचा एकत्र आराखडा म्हणजे मास्टर प्लॅन. आणि पुण्यात तर आधी सातबारा बघावा लागतो, डिझाइन नंतर.

सुरुवात 1915 च्या बॉम्बे टाउन प्लॅनिंग ॲक्टपासून धरा. टीपी स्कीम, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, त्यातून आल्या. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेली जमीन सरळ प्लॉट पाडून ज्याची त्याला परत. एरंडवण्यातल्या जुन्या सोसायटीच्या पत्त्यात फायनल प्लॉट नंबर दिसतो ना, तो त्याच हिशोबातला. घरं नंतर आली, गल्ल्या आधी, म्हणून तिथं आजही चालावंसं वाटतं (फूटपाथवर गाड्या नसतील तर).

कॅम्पसचं गणित सोपं, मालक एकच. 1949 ला विद्यापीठ गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यात आलं आणि बंगल्याभोवतीची शेकडो एकर जागा आयतीच मिळाली. एनडीएला (लष्करी प्रबोधिनी) तर खडकवासल्याला सुमारे 7,000 एकर. मग 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगरसारख्या वसाहती घाईत उभ्या राहिल्या, तिथं विचार करायला वेळच कुठं होता. 1972 ला पिंपरी-चिंचवडचं नवनगर विकास प्राधिकरण आलं, सेक्टर नीट आखले पण जमीन संपादन करून, आणि दिलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून शेतकरी पुढं कित्येक वर्षं भांडत राहिले.

या कामात अख्खं करिअर कसं होतं ते बघायचं तर आर्किटेक्ट-प्लॅनर ख्रिस्तोफर बेनिंजर. अमेरिकेत शिकलेला माणूस, अहमदाबादला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींबरोबर प्लॅनिंगचं स्कूल काढलं, मग 1976 ला पुण्यात येऊन सीडीएसए ही विकास आणि नियोजनावर काम करणारी संस्था, आणि 2024 ला गेले तेही इथंच. मुळशीतलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज त्यांचं. पण मला जास्त भारी वाटतो तो भूतानमधला थिंफूचा स्ट्रक्चर प्लॅन (अख्ख्या शहराचा ढोबळ आराखडा), कारण तिथं अनेक मालकांच्या जमिनी एकत्र करूनच नवे भाग आखलेत. कॅम्पसला एक क्लायंट असतो, शहराला हजार, आणि दोन्ही जमणारी माणसं कमीच.

हजार नाही पण शंभर-सव्वाशे मालकांचा प्रयोग आपल्याकडं हडपसरला झाला. मगरपट्ट्यातल्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांच्या आसपास जमीन बिल्डरला न विकता स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले, आणि सतीश मगर यांच्या पुढाकारानं एकच मास्टर प्लॅन करून घेतला. आत झाडं, सावली, चालायला रस्ते, सगळं नीट. गेटच्या बाहेर पडलं की हडपसरचं ट्रॅफिक, पण तो दोष डिझायनरचा नाही, त्याची हद्दच तिथं संपते. नंतर सिंहगड रोडला नांदेड सिटीतही तोच फॉर्म्युला.

आता पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) म्हाळुंगे-माणकडं परत टीपी स्कीमच करतंय. नवीन पोरापोरींना तिथं काम मिळतं, आणि रेंडर (कंप्युटरवरची चित्रं) काढायच्या आधी प्रत्येक गटाची मोजणी, हद्दीवरची भांडणं आणि कुणाचा प्लॉट कुठं सरकला यावरच्या हरकती, यातच बराच वेळ जातो.