घरी येऊन आम्ही नेमकं काय करतो
(स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांसाठी)

"ताई, हा हट्टी नाहीये ना हो?" सांगली, मिरज, कुपवाड, कुठंही गेलो तरी पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. नाही, हट्टी नाही. तुमच्या लाडामुळेही हे झालेलं नाही. मूल ओरडतं, डोकं आपटतं, तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, नको असतं किंवा सोसत नसतं, आणि ते सांगता येत नसतं.

पहिल्या भेटीत आम्ही काही शिकवत नाही. सतरंजीवर त्याच्याशेजारी बसतो, बघतो. निघताना तीन रकान्यांची वही देतो: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, मग आपण काय केलं. आठवडाभर लिहा, खाडाखोड चालेल. मिरजेतल्या एका घरी मुलगा रोज रात्री ताट भिरकावायचा. भाजी आवडत नाही, असं घरच्यांना वाटे. वहीत मात्र दर वेळी पहिल्या रकान्यात कुकरची शिट्टी होती! मग कुकर आधी उरकायचा ठरला, आणि ताट नको असेल तेव्हा बोलण्याऐवजी द्यायचं 'नको'चं चित्रकार्ड आलं. सुरुवातीला बाबा मागे बसून त्याचा हात अलगद कार्डाकडे न्यायचे, आई लगेच ताट उचलायची. तीन आठवड्यांनी त्यानं कार्ड आपणहून दिलं.

आजीलाही या बैठकीत घ्या. कार्ड दिल्यावर लाडू आणि रडल्यावरही लाडू, असं झालं तर मूल रडणंच धरणार. आमचा दीड तास, उरलेला दिवस तुमचा. नवं वळण लावताना थोडे दिवस रडणं वाढतंही. स्वतःला इजा करत असेल तर मात्र वाट बघू नका, फोन करा.

मारणं, उपाशी ठेवणं, बळेच डोळ्यांत बघायला लावणं आमच्याकडे नाही. हात फडफडवतो? कुणाला इजा नसेल तर फडफडवू दे. 'पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. श्रवणचाचणी झाली नसेल तर आधी ती करा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीसाठीही त्यात मर्यादित तरतूद आहे. फॉर्म भरायला आम्ही बसतो तुमच्याबरोबर.

आणि आम्ही येणार म्हणून घर आवरू नका. रोज असतं तसंच राहू द्या.