खाचेचं माप आणि उघडं माप

गावाकडचं जुनं घर उतरवलं तेव्हा खिडकीच्या सागवानी पट्ट्या मी बेळगावला घेऊन आलो. आजोबांच्या फेट्यातल्या फोटोला त्याच लाकडाची चौकट करायची, हे मनात पक्कं होतं. फोटो 8 × 10 इंचाचा, म्हणून चौकटीची आतली मोकळी जागाही बरोब्बर 8 × 10 ठेवली. फेविकॉल वाळलं, मागून काच ठेवली, तर ती टेकेचना. सरळ पुढून बाहेर. ओळखीच्या सुतारमामांनी चौकट उलटी करून पाहिली आणि एवढंच विचारलं, "माप कुठलं धरलास? खाचेचं की उघडं? ते सांग की आधी."

चौकट समोरून पाहिली की लाकडाच्या आत जेवढा फोटो दिसतो, ते उघडं माप. चौकट पालथी घातली की आतल्या कडेला एक पायरी दिसते, काच आणि फोटो तिथे बसतात. त्या पायरीच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे खाचेचं माप. ते उघड्या मापापेक्षा नेहमीच मोठं असतं, कारण पायरीचा ओठ चारी बाजूंनी काचेला पुढून धरून ठेवतो. दोन्हींना आपण सरसकट "आतलं माप" म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो.

आता हिशोब सुतारी भाषेतच मांडतो. एका इंचाचे 8 सूत. पट्टी 1 इंच रुंद, खाच 2 सूत. काच फोटोएवढीच कापायची, पण खाचेत ती कोंबून बसवायची नाही. म्हणून सूतभर जागा जास्त. खाचेचं माप झालं 10 इंच 1 सूत × 8 इंच 1 सूत. दोन्हीकडचे ओठ मिळून 4 सूत वजा केले की उघडं माप 9 इंच 5 सूत × 7 इंच 5 सूत. खाचेबाहेर प्रत्येक बाजूला 6 सूत लाकूड उरतं, म्हणजे पट्ट्यांची बाहेरची लांबी 11 इंच 5 सूत आणि 9 इंच 5 सूत. करवत चालवायची ती या शेवटच्या आकड्यांवर, दोन्ही टोकांना 45 अंशांत. समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींना लावून बघा, नखाएवढा फरक असला तरी कोपरा मिटत नाही.

घरी खाच पाडायला मशिन लागत नाही. 1 इंचाच्या पट्टीवर पाऊण इंचाची दुसरी पट्टी बाहेरच्या कडेला कड मिळवून चिकटवा. आतल्या बाजूला आपोआप 2 सुतांची पायरी मिळते. काच, फोटो आणि पाठीमागचा हार्डबोर्ड मावायला वरची पट्टी 3 सूत जाड असली की पुरते.

माउंट, म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये बसणारी, मधे खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, लावणार असाल तर सगळा हिशोब फोटोपासून नाही, माउंटच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होतो. आणि आपल्याकडे माउंट लावाच असं मी आग्रहाने सांगेन. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आणि काचेला टेकलेला जुना फोटो काचेलाच चिकटतो. सोडवायला गेलं की चेहऱ्याचा पापुद्रा निघतो. माउंटच्या जाडीमुळे दोघांत थोडी हवा राहते.

आजोबांच्या फोटोत फेट्याचा तुरा वरच्या कडेपासून जेमतेम सूतभर खाली आहे. वरच्या हिशोबाने चौकटीचा ओठ प्रत्येक बाजूला दीड सूत फोटो झाकतो, म्हणजे तुऱ्याचं टोक गेलंच असतं. म्हणून फोटो मोठ्या पुठ्ठ्यावर पातळ कागदी पट्ट्यांनी टांगला, माउंटची खिडकी फोटोपेक्षा चारी बाजूंनी सूतभर मोठी कापली, आणि माउंटच्या मापाने नवी चौकट केली. आता तुरा अख्खा दिसतो.