तार तीच, भोपळा वेगळा

शहापुरात काकांकडे मिरजेचा जुना तंबोरा आहे. एका मे महिन्यात त्याचा भोपळा तडकला आणि आवाज पार बसला. तारा त्याच, जवारी तीच. काका म्हणाले, "तार कुठं बोलतीय? बोलायचा तो भोपळा."

प्रकाशाच्या बाबतीत भौतिकशास्त्राला हे उमगायला १९४६ साल उजाडावं लागलं. उत्तेजित अणू आपणहून प्रकाश सोडतो. त्याचा दर आइनस्टाइननं १९१७ मध्ये समीकरणात बसवला होता. हा दर म्हणजे अणूचा जन्मजात स्वभाव, असंच धरून चालत. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी जेमतेम एका परिच्छेदाच्या टिपणात ते मोडीत काढलं: हा दर भोवतालही ठरवतो. त्यांचा हिशेब अणुकेंद्रांच्या रेडिओ लहरींचा होता: मोकळ्या जागेत शांत व्हायला ५ × १०²¹ सेकंद, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाच्या दहा हजार पटींहून जास्त! पण भोवती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे धातूचे कण मिसळले, की तेच काम काही मिनिटांत. लहरीला कोंडून घुमवणारी जागा म्हणजे पोकळी, प्रकाशाचा जणू भोपळाच. ती जितकी लहान आणि लहर तिच्यात जितका वेळ घुमेल, तितकं उत्सर्जन झपाट्यानं. तंबोऱ्याचंही तेच, भोपळ्याविना तार बारीक आवाजात रेंगाळत बसते.

साठच्या दशकाअखेरीस जर्मनीत ड्रेक्सहागे यांनी युरोपियम या चमकणाऱ्या धातूचे आयन (विद्युतभारित अणू) आरशापासून नॅनोमीटरच्या मापानं दूर-जवळ ठेवले. अंतर बदललं की चमक टिकण्याचा काळ कमी-जास्त होई. मला सगळ्यात देखणा वाटतो तो हाच प्रयोग. एक आरसा, बस्स. पुढे १९८३ मध्ये पॅरिसला सर्ज हारोश आणि सहकाऱ्यांनी सोडियमच्या अणूंवर पोकळीचा परिणाम दाखवला, तर १९९८ मध्ये फ्रान्समध्येच जेरार यांच्या गटानं गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या सूक्ष्म खांबात क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे प्रकाश सोडणारे इवलेसे ठिपके) सुमारे पाचपट वेगानं चमकवले.

२०१६ मध्ये केंब्रिजला सोन्याचा कण आणि सोन्याचा पत्रा यांच्यातल्या ०.९ नॅनोमीटरच्या फटीत मिथिलीन ब्लूचा एकेक रेणू उभा केला गेला. खानापूर-निपाणीकडच्या शाळांत गालाच्या पेशी रंगवायला घेतात तेच निळं. रेणूनं सोडलेला प्रकाश फटीनं परत द्यायचा, रेणूनं तो पुन्हा घ्यायचा, अशी देवघेव चक्क खोलीच्या तापमानाला दिसली.

सोनं मात्र हावरट. बराचसा प्रकाश ते गिळून त्याची उष्णता करून टाकतं. काचेसारख्या किंवा सिलिकॉनच्या पोकळ्यांत लहर खूप वेळ घुमते, पण त्या एवढ्या लहान करणं अवघड.