एलईडीचा रंग कुठून येतो?

चतुर्थीच्या आधी म्हापशाच्या बाजारात मखरासाठी ज्या एलईडीच्या माळा मिळतात, त्या निरखून पाहिल्या तर पुष्कळदा दिव्यांवरचे प्लास्टिक पारदर्शक असते, तरीही माळ लावताच एक दिवा तांबडा, दुसरा हिरवा, तिसरा निळा दिसतो. जुन्या माळांत तारेच्या बल्बवर रंगीत आवरण असे आणि ते बाकीचे रंग अडवून धरी. एलईडीत मात्र आतल्या इवल्याशा अर्धवाहक स्फटिकात प्रकाश मुळातच त्या रंगाचा निर्माण होतो.

या स्फटिकाच्या एका भागात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, तर दुसऱ्या भागात इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा. योग्य दिशेने वीज दिली की इलेक्ट्रॉन दोन्ही भागांच्या सांध्यापाशी वरच्या ऊर्जापातळीवरून त्या रिकाम्या जागांत उतरतात आणि सुटलेली ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते. दोन पातळ्यांमधले अंतर सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एक इवलेसे एकक) असेल तर ६५० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेला तांबडा प्रकाश मिळतो, ते २.७ असेल तर ४६० नॅनोमीटरचा निळा. हे अंतर स्फटिकातल्या मूलद्रव्यांवर ठरते. दोन सेलवर चालणाऱ्या रंगीबेरंगी माळेत याचा पडताळा घेता येतो: निळ्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात, तांबड्याला दोनच्या आसपास पुरतात, त्यामुळे सेल उतरू लागले की निळे दिवे आधी मंदावतात आणि तांबडे मागाहून.

दृश्य तांबडा एलईडी अमेरिकी संशोधक निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दाखवला. प्रखर निळ्यासाठी मात्र जगाला १९९० चे दशक उजाडेपर्यंत थांबावे लागले, कारण त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाचे निर्दोष स्फटिक वाढवणे अतिशय कठीण होते. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी चिकाटीने ते साधले. त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि माझ्या मते ते सर्वस्वी रास्त होते, कारण घरोघरचा पांढरा एलईडी याच निळ्यावर उभा आहे.

पांढरा प्रकाश एका स्फटिकातून थेट मिळत नाही. निळ्या स्फटिकावर फॉस्फरचा थर देतात. तो काही निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश देतो आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरे भासते. बंद दिव्यातला पिवळसर ठिपका म्हणजे हाच थर. त्यात तांबडा प्रकाश देणारे फॉस्फर मिसळले की देवघरात शोभेल असा उबदार उजेड मिळतो.